काळ्या कातळाचं बेट

पुण्याजवळ मुळशी तालुक्यातल्या भुकूमच्या डोंगरउतारावर विहीर खणताना जो काळाकभिन्न कातळ लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भूशास्त्रज्ञ सांगतात, की भूगर्भातल्या ज्या तप्त स्रोतातून तो उसळला, तो बराचसा जागेवरच राहिला; भारताचा भूखंड मात्र उत्तरेकडे सरकत गेला. त्याच स्रोतातून पुढे मालदीवच्या तळाची सागरी पर्वतरांग घडली आणि फार नंतर, साधारण नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्राबाहेर आलं. मुळशीचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ असे एकाच कुळातले.

मॉरिशसचं मुख्य बेट मोठं नाही. पुणे जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. देशाची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. मूळ रहिवासी तिथे कुणीच नव्हते. १५९८ मध्ये डच उतरले, १६३९ मध्ये त्यांनी ऊस आणला, पण बेटावर त्यांचा जम बसला नाही. नंतरच्या फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून मळे उभे केले. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं, १८३५ मध्ये गुलामी कायद्याने संपली; त्याच्या थोडं आधीच मळेवाल्यांनी मजुरांसाठी भारताकडे मोर्चा वळवला होता.

१८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यात रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली मराठी माणसंही होती. धक्क्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण असं सगळं वहीत उतरे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या वह्या जपून ठेवल्या आहेत. पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असाही जाच होता. शेतात पाय टाकावा तिथे लाव्हाचे धोंडे. ते उचलून ऊस लावायचा. त्या धोंड्यांचे मनोऱ्यासारखे प्रचंड ढीग आजही उसाच्या फडात उभे आहेत. या देशाच्या अर्थव्यवस्थेचा पाया दाखवायचा तर मी तेच ढीग दाखवीन.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले, तशी मळेवाल्यांनी कडेची हलकी जमीन तुकडे पाडून विकायला काढली. मजुरांनी पै-पै साठवून ती घेतली. मजुराचा असा बागायतदार झाला आणि त्याची मुलं शाळेत गेली. देशाच्या भरभराटीच्या चर्चेत याचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांना १९६१ मध्ये या बेटाच्या भवितव्याची फारशी आशा वाटत नव्हती. एकच पीक, लोकसंख्या वाढती, वर चक्रीवादळं. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. निर्यातीसाठी सवलतींचा कायदा १९७० मध्ये आला. हाँगकाँगचं भांडवल आलं, शिलाईचे कारखाने निघाले आणि हजारो बायका प्रथमच पगारावर लागल्या. युरोपने १९७५ पासून वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेतली. त्या साखरेवरच्या निर्यातकरातून सरकारी तिजोरी भरली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं.

पण साखरेचा हमीभाव, श्रीमंत देशांत कापड विकण्याचा कोटा आणि भारताशी १९८२ मध्ये झालेला करविषयक करार, या तिन्ही सवलती दुसऱ्यांच्या हातातल्या. त्या करारामुळे भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीचा एकेकाळी जवळजवळ तिसरा हिस्सा मॉरिशसमार्गे येत असे. त्यातला बराच पैसा तिथे केवळ कर वाचवण्यासाठी थांबत होता, हे स्पष्टच बोललं पाहिजे. २००५ मध्ये कापडाचा कोटा संपला, त्यानंतरच्या काही वर्षांत युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २०१६ मध्ये भारताने करार बदलून घेतला. दर वेळी देश कोलमडेल असं वाटलं, पण तसं झालं नाही. चिपाडावर वीज होऊ लागली, पर्यटन आणि वित्तसेवा वाढल्या, शिकलेल्या पोरांनी नव्या कामांत हात घातला.

तिथल्या मराठी घरांत आता बोलणं बहुतेक क्रिओलमध्ये चालतं. तरी मराठी शाळेत शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे अजून नाचली जाते. २०२३ मध्ये मोका इथल्या महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.