फांद्यांवर संसार थाटणारी सापसुरळी

सापसुरळी म्हटली की पालापाचोळ्यातून सळसळत जाणारा, चकचकीत अंगाचा, किडे टिपणारा छोटा प्राणी आपल्याला आठवतो. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवरची सापसुरळी मात्र झाडावर राहते, पाला खाते आणि शेपटीसकट पाऊण मीटर लांब भरते. ‘कोरुशिया झेब्राटा’ हे तिचं शास्त्रीय नाव. आज हयात असलेल्या सापसुरळ्यांत हिच्याएवढी लांब दुसरी नाही.

धडापेक्षा लांब असलेली तिची शेपटी पाचव्या पायाचं काम करते. फांदीला शेपटीचा वेढा घालायचा, बाकदार नख्या सालीत रोवायच्या आणि पुढची फांदी गाठायची, अशी तिची चाल. दिवस ढोलीत किंवा दाट पानांआड जातो. अंधार पडला की ती चरायला निघते. पानं, फुलं, फळं हा तिचा आहार. आपल्या घरातल्या मनीप्लांटच्या भाऊबंदांपैकी एका रानवेलीची पानं ती आवडीने खाते.

पाला पचवायला आतड्यात सूक्ष्मजीव लागतात, आणि नवजात पिल्लाकडे ते नसतात. पिल्लू मोठ्यांची विष्ठा खातं आणि त्यातून हे सूक्ष्मजीव मिळवतं. म्हणजे मोठ्यांचा सहवास ही त्याच्या पोटापाण्याचीच गरज आहे.

ही सापसुरळी अंडी घालत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू जन्मतं, तेही आईच्या लांबीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं. पुढचे कित्येक महिने ते कळपातच वाढतं. जवळ येणाऱ्यावर आई धावून जाते. सरपटणाऱ्या प्राण्यांत असं कुटुंब विरळाच.

ही सावकाश वाढच तिला आता महागात पडते आहे. सॉलोमन बेटांवर निर्यातीच्या लाकडासाठी जंगलतोड चालते, आणि ढोली असलेला जुना वृक्ष पडला की आसराही गेला. हौशी लोकांच्या पिंजऱ्यांसाठीही या सापसुरळ्या मोठ्या संख्येने परदेशी गेल्या. १९९२मध्ये ‘साइटीस’ करारानुसार तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं, पण करवतीला हा करार लागू होत नाही. एकेका पिल्लावर वंश चालवणाऱ्या प्राण्याची घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. म्हणून तिला वाचवायचं तर सॉलोमनचे जुने, ढोलीचे वृक्ष उभे राहायला हवेत; आणि विदेशी प्राणी पाळण्याची हौस असणाऱ्यांनी तो प्राणी कोणत्या जंगलातून उचलून आणला आहे, हे आधी विचारायला हवं.