शरद्बाबूंची माणसे

शरच्चंद्र चट्टोपाध्याय ह्यांचे नाव निघाले की पुष्कळांना प्रथम आठवतो तो ‘देवदास’. चित्रपटांनी त्याला घरोघर नेले हे खरे. परंतु १९१७ साली पुस्तकरूपाने निघालेली ही कादंबरी मुळात त्यांच्या पंचविशीच्या सुमाराचे लेखन होय. तेवढ्यावरून त्यांना अश्रूंचा लेखक ठरविणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणे आहे.

त्यांचा जन्म १८७६ साली हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूर येथे झाला. वडील मोतीलाल ह्यांना लेखनाचा नाद, पण हाती घेतलेली एकही गोष्ट ते पुरी करीत नसत. त्या अपुऱ्या गोष्टींचा शेवट काय असावा ह्या विचारात आपण लहानपणी रात्री जागून काढल्या, असे शरद्बाबूंनीच सांगितले आहे. बालपण बरेचसे भागलपूरला आजोळी गेले. पैशांअभावी कॉलेजचे शिक्षण अर्धवट राहिले. १९०३ साली ते नोकरीसाठी ब्रह्मदेशी गेले.

रंगूनमध्ये ते हिशेबखात्यात कारकून होते आणि बिऱ्हाड होते कारखान्यांतील मिस्त्री-मजुरांच्या वस्तीत. शेजाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत, होमिओपॅथीची औषधे द्यावीत, असा त्यांचा क्रम होता. तेथेच प्लेगने त्यांची पत्नी आणि तान्हे मूल हिरावून नेले. पुढे १९१२ साली घराला आग लागून ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित जळाले. ते त्यांनी पुन्हा लिहावयास घेतले.

ह्या ‘चरित्रहीन’ने मोठेच वादळ उठविले. खानावळीतील मोलकरीण, तीही विधवा, आणि तिला लेखकाने नायिकेचा मान द्यावा! ‘भारतवर्ष’ मासिकाने ती छापण्याचे नाकारले. माझ्या मते शरद्बाबूंचे खरे सामर्थ्य येथेच आहे. समाजाने जिच्यावर शिक्का मारला त्या स्त्रीच्या अंगचा शहाणपणा आणि स्वाभिमान ते दाखवितात. मग शिक्का मारणारेच ओशाळे होतात. मात्र ‘पल्लीसमाज’ मधील विधवा रमेचे लग्न ते रमेशशी लावीत नाहीत. ती शेवटी काशीला जाते. ह्याबद्दल सुधारकांनी त्यांना दोष दिला. पण सुखाचा शेवट केला असता तर त्या गावाची निर्दयता वाचक पुस्तक मिटताच विसरला असता.

सरकारलाही ते मवाळ वाटले नाहीत. १९२६ साली निघालेली ‘पथेर दाबी’ लगेच जप्त झाली. रवींद्रनाथांनी निषेध करावा अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, आणि ते दुःख त्यांना फार लागले. बंदी उठली ती १९३९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षाने.

मामा वरेरकरांच्या अनुवादांनी हे साहित्य मराठीत आणले. ज्यांनी शरद्बाबू अजून वाचलेच नाहीत त्यांनी मोठ्या कादंबरीने आरंभ करू नये, ‘महेश’ ही कथा आधी वाचावी. गफूर नावाचा गरीब मुसलमान विणकर, त्याची मुलगी अमीना आणि महेश नावाचा म्हातारा बैल. गावचे कुरण जमीनदाराने पैशासाठी लागवडीला देऊन टाकलेले, आणि गोमातेचे स्तोत्र गाणारे तर्करत्न पेंढीभर गवत उसने द्यावयास तयार नाहीत. दुष्काळात तहानेने वेडा झालेला बैल अमीनेची घागर फोडतो. संतापाच्या भरात गफूरचा घाव त्याच्या डोक्यावर बसतो. रात्री बापलेक तागाच्या गिरणीची वाट धरतात. अमीना लोटा आणि पितळी थाळी उचलू लागते, तेव्हा गफूर म्हणतो की ती येथेच असू दे, त्यातून महेशचे प्रायश्चित्त होईल.