उभा की आडवा? डोंगरातला हॅम रेडिओ

जिवतीच्या डोंगरात मोबाइलची रेंज गेली आणि हातात हॅम रेडिओ आहे. अँटेना उभा ठेवायचा की आडवा?

गावातल्या गावात, १४५ मेगाहर्ट्झवर हँडसेटने बोलताय? मग दोघांनीही उभाच धरा. एक उभा, एक आडवा झाला तर सिग्नल २० डेसिबलपर्यंत पडू शकतो. म्हणजे ताकद १०० पट कमी!

मध्ये डोंगर आला तर? तेव्हा ७ मेगाहर्ट्झ. मधोमध केबल जोडलेली वीसेक मीटर तार दोन झाडांना आडवी, पाच-सहा मीटरवर बांधा. सिग्नल वर जातो, आयनोस्फिअरवरून परततो आणि दिवसा डोंगरापलीकडे चंद्रपूरलाही पोहोचू शकतो. पोलरायझेशन वाटेतच फिरतं, त्यामुळे समोरची तार कुठल्या दिशेला ताणलीये, याने फारसं बिघडत नाही.

फक्त लायसन्स आधी काढा हं!