श्वासाकडे लक्ष : शाळकरी मनाचे शिक्षण

नाशिकच्या सातपूर भागात, शिवाजीनगरच्या जलशुद्धीकरण केंद्राजवळ, ‘धम्म नासिका’ हे विपश्यना ध्यानाचे केंद्र असून, ते ज्या परंपरेतील आहे त्या विपश्यना आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेत मुलांना जे ‘आनापान’ शिकवले जाते, ते म्हणजे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नैसर्गिक श्वासाचे अवधान होय. मूल डोळे मिटून बसते, नाकपुड्यांशी होणारा श्वासाचा स्पर्श न्याहाळते आणि मन भटकले की स्वतःवर न चिडता पुन्हा तेथेच परतते. श्वास मुद्दाम लांबवायचा नसतो, मोजायचा नसतो, त्याला मंत्राची वा मूर्तीची जोडही द्यायची नसते. याच अभ्यासाला महाराष्ट्र शासनाने ‘मित्र उपक्रम’ या नावाने शाळांत स्थान दिले.

या अभ्यासातून मुलांची भावनिक लवचीकता वाढावी, अशी अपेक्षा असते; भावनिक लवचीकता म्हणजे दुःखच न होणे नव्हे, तर राग, भीती वा अपयश यांतून सावरता येणे. राग उसळल्याचे मुलाला वेळीच उमगले, तर हात उगारण्यापूर्वी क्षणभर थांबणे त्याला शक्य होते, आणि या अभ्यासाचा खरा लाभ तोच आहे. तथापि हा अभ्यास सर्वांवर सरसकट लादणे योग्य नाही, कारण ब्रिटनमधील सुमारे ८ हजार विद्यार्थ्यांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सजगतेचे (माइंडफुलनेस) वर्ग नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत. डोळे मिटल्यावर ज्याला अस्वस्थ वाटते, त्याला ते उघडे ठेवण्याची मुभा हवी. घरात मारहाण वा वर्गात छळ सोसणाऱ्या मुलाला तर आधी संरक्षण व समुपदेशक मिळायला हवा, श्वासाचा अभ्यास त्यानंतर.