निर्विष थट्टा : शिस्तीची सहचरी

कॅथलिक शाळा म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पांढरा झगा, घंटेचा ठोका आणि करडी शिस्त एवढेच उभे राहते. त्या चित्रात हसू नसते. परंतु ज्या परंपरेतून या शाळा निर्माण झाल्या, तिने थट्टेला मानाचे आसन दिले होते, हे मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन विनोदबुद्धीची गणना सद्गुणांत केली. धनुष्य सतत ताणून ठेवले तर ते मोडते, मनाचेही तसेच, हा दृष्टान्त त्यांनी दिला. आणि स्वतः कधी न हसणारा, दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणारा मनुष्य त्यांनी दोषी मानला. रोममधील संत फिलिप नेरी (१५१५–१५९५) यांनी तर लोकांच्या भक्तिभावाचा भार हलका करण्यासाठी अर्धीच दाढी भादरली, असे सांगतात. येथे थट्टेचा विषय ते स्वतःच होते.

शाळांच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव डॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांचे. १८३२ च्या सुमारास, विद्यार्थिदशेत असतानाच, त्यांनी किएरी गावी सोबत्यांचे एक 'आनंद मंडळ' काढले. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करू वा बोलू नये आणि अभ्यासाची व धर्माची कर्तव्ये नीट पार पाडावीत, एवढेच त्याचे नियम. पुढे अनाथ मुलांसाठी त्यांनी आखलेल्या भव्य योजना ऐकून काहींना ते भ्रमिष्ट वाटू लागले. दोन धर्मगुरू त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्यासाठी बग्गी घेऊन आले. डॉन बॉस्कोंनी अदबीने त्यांना आधी आत बसविले, दार लावले आणि गाडीवानाला घोडे हाकावयास सांगितले! विवेक, धर्म आणि ममता या तीन आधारांवर त्यांनी जी शिक्षणपद्धती उभारली, तिच्यामागे हाच प्रसन्न स्वभाव होता.

हजीऱ्याहून बसने सुरतेच्या शाळेत जाणाऱ्या आम्हा मुलांना यांतले काही ठाऊक नव्हते. एका एक एप्रिलला आम्ही वर्गातील सारे बाक मागच्या भिंतीकडे तोंड करून मांडले. फादर आले, क्षणभर थबकले, आणि शांतपणे मागच्या भिंतीपाशी उभे राहून त्यांनी तोंडी प्रश्न विचारावयास आरंभ केला. नेहमी शेवटच्या बाकावर दडणारे आम्ही सर्वांत पुढे आलो होतो! त्या दिवशी फादरही हसले आणि आम्हीही. पाठ मात्र पुरा झाला.

निर्विष थट्टेची लक्षणे मला या प्रसंगात दिसतात. तिने कोणाची हानी होत नाही. केलेला उद्योग घटकाभरात पूर्ववत करता येतो. जिची थट्टा होते त्या व्यक्तीला उलट डाव टाकण्याची मोकळीक असते. आणि शेवटी सर्व जण एकत्र हसतात. एक जण रडतो व इतर हसतात, तेव्हा ती थट्टा नव्हे, छळ होय.

हा भेद हजीऱ्यासारख्या ठिकाणी विशेष जपावा लागतो. १९८० च्या दशकात व त्यानंतर येथे खताचे, पोलादाचे, अवजड यंत्रांचे कारखाने आले आणि त्यांच्यामागून नाना प्रांतांची कुटुंबे आली. मराठी, गुजराती, मल्याळी, बंगाली मुले एका बाकावर बसली. नव्या मुलाच्या उच्चाराला हसणे सर्वांत सोपे आणि सर्वांत घातक. त्याचा उच्चार त्याच्या आईने दिलेला असतो. तो घटकाभरात बदलता येत नाही. अशाच हसण्यातून पुढे वसतिगृहांतील रॅगिंग वाढते. त्याला आवर घालण्यासाठी महाराष्ट्राला १९९९ मध्ये कायदा करावा लागला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी विनियम केले.

कायदा छळ रोखू शकतो. निर्मळ हसणे शिकवू शकत नाही. ते काम शाळेचे आहे. ज्या वर्गात शिक्षकावर प्रेमाने थट्टा करता येते, तेथे दुबळ्याची टवाळी करण्याची गरज मुलांना क्वचितच भासते.