पाच लाख एकरकमी की महिन्याला दोन हजार?

धरणात किंवा रस्त्यात वावर गेले की वऱ्हाडातल्या घरांत पहिली धास्ती कराची असते. रक्कम एकदम घेतली तर जवळपास तिसरा हिस्सा सरकारच कापून घेईल, म्हणून हप्त्याने घ्यावी, असा सल्ला जाणती माणसेही देतात. पण हा हिशेब लॉटरीचा आहे. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो, म्हणजे 31.2 टक्के. भूसंपादनाचे तसे नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याचे कलम 96 म्हणते की या कायद्याखालच्या निवाड्यावर किंवा करारावर प्राप्तिकर नाही. अपवाद फक्त खासगी खरेदीच्या एका प्रकाराचा. शिवाय ग्रामीण शेतजमीन भांडवली नफ्याच्या करातही येत नाही. 2011 च्या जनगणनेत अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांची लोकसंख्या एक लाख ते दहा लाखांच्या दरम्यान होती, म्हणून इथे महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या पलीकडची शेती ग्रामीण धरली जाते. कर येतो तो पुढे, ठेवीच्या व्याजावर. मोबदला उशिरा मिळाल्याबद्दलच्या व्याजावरही तो सहसा लागतो, मात्र त्यातली निम्मी रक्कम वजा करून. तेव्हा कराच्या भीतीने हप्ता निवडण्यात काही अर्थ नाही.

दुसरा घोळ निवड नेमकी कशाची, याचा. जमिनीची किंमत आणि तिच्यावरचे 100 टक्के दिलासा अनुदान एकरकमीच मिळते. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतला पर्याय पुनर्वसनाच्या रकमेचा आहे: नोकरी, नाहीतर कुटुंबाला एकदाच पाच लाख रुपये, नाहीतर वीस वर्षे महिन्याला किमान दोन हजार रुपये, आणि हे दोन हजार शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढत जायचे. त्या वावरावर आधीची तीन वर्षे पोट असलेले भूमिहीन मजूर आणि कूळही बाधित कुटुंबात मोडतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कित्येक जण हा हक्क सांगतच नाहीत, आणि या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त नुकसान त्यांचेच होते.

आता आकडे पाहू. महिना दोन हजार म्हणजे वीस वर्षांत 4 लाख 80 हजार, पाच लाखांहून कमी. यावर लगेच उत्तर येते की हप्ता महागाईबरोबर वाढणार आहे. वाढू द्या. महागाई ठेवीच्या व्याजाइतकीच धावली, तरी सगळ्या हप्त्यांची आजची किंमत फार तर तेच 4 लाख 80 हजार भरते. महागाई व्याजापेक्षा कमी राहिली तर त्याहून कमी. उलट पाच लाख डाकघराच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले आणि दर 7.4 टक्के धरला, तर महिन्याला 3,083 रुपये येतात आणि मुद्दल जागेवर राहते. दर वर्षी 5 टक्के महागाई धरली, तर दोन हजारांचा हप्ता दहाव्या वर्षी या रकमेच्या पुढे जाईल, हे खरे. ही योजना पाच वर्षांची असते आणि पुढे दर उतरू शकतो, हेही खरे. पण वीस वर्षांनी हप्ता संपतो आणि पाच लाख तसेच उरतात. साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारणपणे याहून जास्त दर मिळतो.

यावर खरा आक्षेप गणिताचा नाही. हातात आलेला पैसा टिकत नाही, असे लोक म्हणतात, आणि मोबदल्याच्या पैशातून झालेली लग्ने, गाड्या आणि उधारीची वसुली पाहिली की तो आक्षेप खोटा म्हणवत नाही. तरी त्याचा इलाज हप्त्यात आहे असे मला वाटत नाही. शासनाने ठरवलेला हप्ता घरातल्या आजारपणाला किंवा पोरीच्या कॉलेजच्या फीला एकदम पुरत नाही, आणि तेव्हा माणूस पुन्हा सावकाराच्याच दारात जातो. रक्कम एकदम घेऊन तिचा हप्ता आपणच लावणे जास्त शहाणपणाचे. ठेव नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर करावी. ही निवड नवी नाही: समृद्धी महामार्गासाठीही सुरुवातीला दहा वर्षे वार्षिक रक्कम आणि विकसित भूखंडाचा पर्याय पुढे केला होता. धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर हे तालुके त्याच मार्गावरचे. एकूण मार्गावर बहुसंख्य शेतकऱ्यांनी सरळ खरेदीच पत्करली. मी त्याला उतावळेपणा म्हणणार नाही. दहा वर्षे शासनाच्या शब्दावर बसण्यापेक्षा हातातली रक्कम त्यांना भरवशाची वाटली असणार. हप्ता मला एकाच ठिकाणी योग्य वाटतो: एकट्या विधवेच्या नावावरची रक्कम नातेवाईक काढून घेतील अशी भीती असेल तिथे.

निम्न पेढीसारख्या धरण प्रकल्पाच्या गावात असा किंवा समृद्धीसारख्या रस्त्याच्या कडेला, पर्यायाच्या अर्जावर सही करण्याआधी वाढ कोणत्या निर्देशांकाने, पैसे देणार कोण आणि कुटुंबप्रमुख गेल्यावर हप्ता कुणाला, हे लेखी मागा. निवाड्याची रक्कम कमी वाटत असेल तर पैसे जरूर उचला, पण पावतीवर 'हरकत राखून स्वीकारले' असे लिहायला विसरू नका. कलम 77 प्रमाणे विनाहरकत पैसे उचलणाऱ्याला वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 चा अर्ज करता येत नाही, आणि निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्या अर्जासाठी मुदत फक्त सहा आठवड्यांची आहे.