कोंबडी मेली तर लपवू नका!

"ताई, उठल्या का? जरा मागच्या दारी या न..."

मार्च महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. मागचं दार उघडलं तर आमच्या बचत गटातली एक बाई उभी. पदराआड प्लॅस्टिकची पिशवी. चेहरा उतरलेला.

"राती तं बऱ्या होत्या ताई. सकायी खुराडं उघडलं तं तीन मरून पडेल. कोणाले सांगू नका बरं. बाकीच्या सहा आजच बाजारात नेऊन इकून टाकतो."

आणि मैत्रिणींनो, आज हे लिहिताना मान खाली जाते, पण सांगते. मी तिला अडवलं नाही. तिच्या डोक्यावर गटाचं तीन हजारांचं कर्ज होतं आणि ते कर्ज मीच मंजूर करून दिलं होतं. तिचे पैसे बुडू नयेत, गटाचा हप्ता चुकू नये, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते कर." ती गेली. पिशवीतल्या तीन कोंबड्या कुठे गेल्या ते मी विचारलंही नाही.

आम्ही राहतो अकोल्याच्या जुन्या शहरात. मोर्णेच्या या काठाला राजराजेश्वराचं मंदिर, असदगड किल्ला, अरुंद गल्ल्या आणि भिंतीला भिंत लागलेली घरं. इथे शेती नाही, गोठा नाही. पण मागच्या अंगणात पाच-दहा गावरान कोंबड्या पुष्कळ घरी आहेत. उरलेलं अन्न, तांदळाची कणी, ज्वारीचं निवडण एवढ्यावर त्या जगतात. अंड्यांचे पैसे बाईच्या हातात येतात. नवऱ्याकडे हात न पसरता मुलीची वही येते, कधी औषध येतं. म्हणूनच आम्ही गटातल्या आठ जणींना कोंबड्यांसाठी कर्ज दिलं होतं. खुराडं कसं बांधायचं, पिल्लं कुठून आणायची, सगळं ठरवलं. लसीचा विषय मात्र कुणी काढलाच नाही. मी बी.ए. झालेली, गटाची सचिव, पण मलाही ते सुचलं नाही.

पुढच्या आठ दिवसांत काय झालं, ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. आज या घरी दोन, उद्या त्या घरी चार. कुठे कोंबडी मान वाकडी करून गोल फिरते आहे, कुठे चोच उघडी टाकून धापा टाकते आहे, अंगणभर हिरवट पातळ विष्ठा. कोणी हळदीचं पाणी पाजलं, कोणी लसूण चारला, कोणी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून पाण्यात विरघळवल्या. कशाचा उपयोग झाला नाही. आणि प्रत्येक बाई दुसरीला म्हणत होती, "आमच्या इथं काही नाही बाई!"

मेलेल्या कोंबड्या जात होत्या मोर्णेत. २०१८ च्या जानेवारीत हीच नदी साफ करायला हजारो अकोलेकर उतरले होते. मीही गटातल्या बायकांना घेऊन गुडघाभर चिखलात उभी राहिले होते, जलकुंभी ओढली होती. त्याच नदीच्या काठी अडकलेल्या पिशव्या कावळे आणि कुत्री ओढताना पाहिल्या आणि मनात चर्रर झालं.

शेवटी शेजारच्या चाचींनी हिंमत केली. त्यांच्या अकरापैकी नऊ गेल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बेटी, शरम कसली? चोरी थोडीच केली आपण? चल डॉक्टरकडे." आम्ही दोघी नुकतीच मेलेली एक कोंबडी दुहेरी पिशवीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरताईंनी तपासणी केली आणि म्हणाल्या, "मानमोडी दिसतेय. राणीखेत. पहिल्या तीन मेल्या त्याच दिवशी का नाही आलात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या आठ जणींच्या बहात्तर कोंबड्या होत्या. राहिल्या फक्त एकोणीस. पहिल्या दिवशी बाजारात गेलेल्या सहा कोंबड्या आणखी किती अंगणांत रोग घेऊन गेल्या असतील, याचा हिशेब तर कोणाकडेच नाही.

ही मानमोडी काही नवी नाही. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर हा रोग ओळखला गेला. नंतर आपल्याकडे हिमालयातल्या राणीखेत इथे सापडला, म्हणून आपण त्याला राणीखेत म्हणतो. हा विषाणूचा रोग आहे. एकदा लागला की औषध नाही. मात्र लस आहे, आणि ती अगदी स्वस्त आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना 'लासोटा' लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. साधारण चार आठवड्यांनी पुन्हा लासोटा. आठ आठवड्यांच्या सुमाराला 'आर-टू-बी'चं इंजेक्शन. देवीची लस वेगळी. पुढच्या तारखा डॉक्टर लिहून देतात.

मग इतकं सोपं असून आपल्या अंगणात लस का येत नाही? त्याचं कारण मला डॉक्टरताईंनी दाखवलेल्या बाटलीत सापडलं. लहानात लहान बाटली शंभर कोंबड्यांची! ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा पाणी मिसळलं की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांची मालकीण शंभराची बाटली घेऊन काय करणार? एकटीला हे जमणारच नाही. जमलं तर गटालाच जमेल.

माणसाला राणीखेतचा फारसा धोका नसतो, फार तर डोळे येतात. पण आमची कोंबडी कशानं मेली हे आम्हाला आठ दिवस ठाऊकच नव्हतं. ती राणीखेतऐवजी बर्ड फ्लू असती तर?

२००६ साली मी नवी सून म्हणून अकोल्यात आले होते. त्या फेब्रुवारीतले पेपर मला आठवतात. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. तिथल्या कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा सुरुवातीला राणीखेतच असेल, असं अनेकांना वाटलं होतं. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं : बर्ड फ्लू. भारतातला पहिला. पांढरे पोशाख आणि मास्क घातलेली माणसं, खड्डे, लाखो कोंबड्या नष्ट केल्या गेल्या. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातही निघाला. आमच्या घरी महिनाभर अंडं आलं नाही. नवापुरात तेव्हा एकाही माणसाला लागण झाली नाही, हे नशीब. पण रोग परत येतो. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा तेच दिवस पाहावे लागले.

त्याच्या आदल्याच महिन्यात, जानेवारी २०२१ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात एका शेडमधल्या सुमारे आठशे कोंबड्या दोन दिवसांत मेल्या होत्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. ते शेड एका बचत गटाचं होतं! परिसरातल्या एक किलोमीटरपर्यंतच्या सगळ्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि पान उलटून पुढे गेले होते. आता वाटतं, आपल्यासारख्याच त्या बायाबापड्यांचं हप्त्याचं काय झालं असेल?

डॉक्टरताईंना मी विचारलं, "दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?" बर्ड फ्लूमध्ये एकदम पुष्कळ कोंबड्या मरतात, तुरा आणि गळ्याखालची लोळी सुजून निळी-जांभळी पडते, तोंड सुजतं, पायावर लाल ठिपके दिसतात. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं : "डोळ्यांनी खात्री होत नाही. मीही नुसतं बघून सांगू शकत नाही, प्रयोगशाळाच सांगते. तुमचं काम ओळखायचं नाही, कळवायचं आहे."

कळवलं तर सगळ्याच कोंबड्या मारून टाकतील, ही बायकांची भीती खोटी नाही. बर्ड फ्लू निघाला तर बाधित भागातल्या चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्याही जातात. त्याची भरपाई मिळते. २०२१ मध्ये अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये असा दर होता. गावरान कोंबडीच्या बाजारभावापुढे तो फारच तोकडा, हे शासनानंही समजून घ्यायला हवं. दर बदलत असतात, दवाखान्यात विचारून घ्यावा. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. भरपाई मिळते ती शासनानं नष्ट केलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवण्यात जितके दिवस जातील, तितकं नुकसान आपलंच! शिवाय २००९ च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे जनावरांच्या साथीच्या रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे.

आणि प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. भारतात बर्ड फ्लू माणसाला झाल्याची उदाहरणं अगदी मोजकी आहेत. पण २०२१ मध्ये हरियाणातल्या एका मुलाचा त्यानं दिल्लीत मृत्यू झाला. आपल्या घरात कोंबड्यांमागे धावतात ती मुलंच ना? उगाच घाबरून अंडी-कोंबडी सोडायची मात्र गरज नाही. सत्तर अंशांवर नीट शिजलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही. धोका आहे तो आजारी आणि मेलेली कोंबडी हाताळण्यात, उघड्या हातांनी सोलण्यात.

त्या मार्चनंतर आमच्या गटात एक नवी वही आली. बचतीच्या वहीशेजारी कोंबड्यांची वही. रोज सकाळी खुराडं उघडताना मोजायचं : किती आहेत, किती खात नाहीत, अंडी किती. आठवड्याच्या बैठकीत वाचायचं. कोणाकडे एक जरी मेली तरी त्याच दिवशी सांगायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे, जी सांगेल तिला कोणी नावं ठेवायची नाहीत. कर्जाचे हप्ते आम्ही सहा महिने पुढे ढकलले. पहिल्या दिवशी मी गप्प बसले होते, हेही मी सगळ्यांसमोर कबूल केलं. माझ्याआधी ती मागच्या दारी आलेली बाई रडली, मग मी.

लसीचा दिवस तर आता आमच्याकडे सणासारखा असतो. जंताचं औषध आठवडाभर आधीच दिलेलं असतं. पहाटे अंधारात, कोंबड्या खुराड्यात बसलेल्या असतानाच धराव्या लागतात. थर्मासमध्ये बर्फ, त्यात लसीची बाटली. डॉक्टरताई किंवा त्यांचे मदतनीस येतात. एक बाई कोंबडी धरते, दुसरी वहीत खूण करते. गटात नसलेल्याही आपापल्या कोंबड्या डाल्याखाली घेऊन येतात. शंभराची बाटली तासाभरात संपते!

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी पुन्हा हाक आली. तीच बाई. पण या वेळी मागच्या दारी नाही, पुढच्या दारी. आणि हळू आवाजात नाही.

"ताई, नवी आणलेली एक कोंबडी पेंगते आहे. वेगळीच ठेवेल होती म्या. डॉक्टरले फोन लावा!"

आम्ही फोन लावला. डॉक्टर आले, तपासलं. साधी सर्दी निघाली. कोणीतरी हसून म्हणालं, "एवढ्याशासाठी एवढा गोंधळ!" पण मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

एवढं लक्षात ठेवा

* नवी कोंबडी आणली की निदान दोन आठवडे वेगळी ठेवा.
* आजारी कोंबडी विकू नका, वाटू नका, कापू नका.
* पाण्याचं भांडं रोज घासा. दाणा-पाणी कावळे आणि रानपक्ष्यांच्या तोंडी लागेल असं उघड्यावर ठेवू नका.
* खुराड्यात जाण्याची चप्पल वेगळी ठेवा. बाहेर आल्यावर साबणानं हात धुवा.
* मेलेल्या कोंबडीला उघडा हात लावू नका. नदीत, उकिरड्यावर टाकू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.
* एकाच वेळी दोन-तीन मेल्या, तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ हा टोल फ्री क्रमांकही त्यासाठीच आहे.
* लस आजारी कोंबडीला बरं करत नाही. ती आधीच, निरोगी असताना द्यायची असते.